हळद लागलेला उंट

बुद्धिबळाचा दुसरा भाग निघाल्याची बातमी आली तो साधा मंगळवार होता. कचऱ्याची गाडी वेळेवर येऊन गेली होती, नळाला पाणी होतं, आणि दिगंबर कुंभोजकर सर शाळेला निघण्याआधी संध्याकाळची मेथी निवडून ठेवत होते. बातमी मेथीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रात, सहाव्या पानावर होती. ती वाचायला त्यांना आधी देठं बाजूला करावी लागली.

पहिला भाग दीड हजार वर्षं चालला याबद्दल निर्मात्यांनी रसिकांचे आभार मानले होते. मात्र त्यात काही उणिवा राहून गेल्या होत्या, त्या आता दूर केल्या आहेत. पटाला नववी ओळ जोडली आहे. तिचा ताबा पुढच्या वर्षी मिळेल. प्याद्यांना वर्षातून एकदा मागे येता येईल. शह बसल्यावर राजाला लेखी खुलासा करण्याची संधी दिली जाईल. आणि उंट वगळण्यात आला आहे. त्याच्या जागी सल्लागार येईल. सल्लागार स्वतः हलणार नाही, पण शेजारच्या मोहऱ्यांना त्याला विचारल्याशिवाय हलता येणार नाही.

शेवटी बारीक अक्षरात एक सूचना होती. पहिल्या भागातले अपुरे डाव महिनाअखेरीपर्यंत संपवावेत. एक तारखेला सकाळी दहा वाजता सर्व पटांवरचे उंट निघून जातील.

सरांनी सूचना दोनदा वाचली आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे एक अपुरा डाव मांडलेला होता. आठ महिने तो तसाच होता. सर पटावरची धूळ चित्रकलेच्या ब्रशने झाडत असत, मोहरे न हलवता.

डाव त्यांचा आणि त्यांच्या पत्नीचा, शालनचा होता. लग्नानंतर सव्वीस वर्षं दोघं रोज खेळत. शालन पांढरी घ्यायची आणि स्वयंपाक करता करता खेळायची. चाल सुचली की पोळी तव्यावर टाकून यायची, मोहरा हलवायची आणि पोळी करपायच्या आत परत जायची. त्या दिवशी ती फोडणीच्या तयारीतून उठून आली, उंटाच्या डोक्यावर दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "थांबा हं, तेल तापलंय. गॅस बंद करून येते." ती आत गेली. मग सरांना आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

तेव्हापासून चाल शालनची होती.

*

बुधवारी संध्याकाळी शह-काटशह मंडळाची तातडीची सभा मगदूम अण्णांच्या पिठाच्या गिरणीत भरली. सभा नेहमी तिथेच भरत असे, त्यामुळे सभा संपेपर्यंत सगळे सभासद पांढऱ्या बाजूचे दिसत.

"उंट काढला!" अण्णा गरजले. ते मंडळाचे अध्यक्ष होते. "आमचं बालपण काढलं म्हणा की सरळ! उद्या घोडा काढतील. परवा म्हणतील, पट कशाला, नुसत्या गप्पा मारा!"

"कारण काय दिलंय पण?" कुणीतरी विचारलं.

"पाहणी केली म्हणे. नवीन खेळाडू विचारतात, ह्याला उंट का म्हणायचं? ह्याला मान नाही, पाठ नाही, डोक्याला नुसती एक चीर. अरे, मग हत्तीला तरी सोंड कुठाय?"

"हळू बोला अण्णा," मागून एकजण म्हणाला, "ऐकतील आणि हत्तीपण काढतील."

कोपऱ्यात पोत्यावर बसलेले चौगुले नाना खाकरले. नानांचं वय नव्वद होतं. "तुम्ही रडताय कशाला? पहिला भागच मुळात बिघडवलेला होता. अस्सल खेळात वजीर एकच घर चालायचा. तोही तिरका. गुमान चालायचा. ह्या लोकांनी त्याला मोकाट सोडला तेव्हा कुणी सभा घेतली नाही."

ठराव झाला: दुसऱ्या भागावर संपूर्ण बहिष्कार. हात वर करताना अण्णांच्या पायाशी एक चकचकीत खोकं सरांना दिसलं. त्यावर 'दुसरा भाग, रसिकांसाठी खास आवृत्ती' असं छापलेलं होतं.

"अण्णा, हे काय?"

"अभ्यासासाठी," अण्णा जराही न लाजता म्हणाले. "विरोध करायचा तर खेळून करायला नको होय, सर? आणि आधी नोंदवला की सल्लागाराला फेटा फुकट मिळतोय."

शुक्रवारी मोर्चा निघाला. उंटासाठीचा मोर्चा असल्यामुळे तो तिरका न्यायचा असं ठरलं होतं. परवानगी देताना पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी नकाशावर पट्टी ठेवून पाहिली आणि विचारलं, "तिरका म्हणजे नेमका कुठल्या रस्त्यानं?" अण्णा म्हणाले, "रस्त्यानं न्हवं साहेब, घरांवरनं." शेवटी मोर्चा चावडीच्या कोपऱ्यातून निघाला, एका बोळाच्या दोन्ही कडांना लागला, औषधांच्या दुकानात पुढच्या दारानं शिरून मागच्या दारानं बाहेर पडला आणि कन्याशाळेच्या भिंतीशी संपला. तिथे सर्वांनी भिंतीकडे तोंड करून घोषणा दिल्या. भिंतीपलीकडे गणिताचा तास चालू होता, त्यामुळे त्या हळू आवाजात दिल्या.

सर मोर्चात होते, पण घोषणा त्यांनी दिल्या नाहीत. उंट राहावा की जावा, याबद्दल त्यांचं काही मत नव्हतं. त्यांना फक्त एक उंट हवा होता.

*

दुसरा भाग अंमलबजावणी कक्ष खतांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. कक्षाच्या अधिकारी आवटी मॅडम तिशीच्या होत्या. टेबलावर हरकतींचा ढीग होता. त्यातल्या बहुतेक अर्जांवर 'धिक्कार' एवढंच लिहिलेलं होतं. सरांचा अर्ज दीड पानांचा होता आणि त्यात परिच्छेद होते. मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे तुमची दुसऱ्या भागाला हरकत नाही?"

"नाही."

"सल्लागाराला?"

"शाळेत आमच्याकडे दोन आहेत. सवय आहे."

मॅडमनी चष्मा पुसला. "सर, सूट कुणालाच नाहीये. एकाला दिली की चौगुले नाना वजिराचा अर्ज घेऊन येतील. ऑलरेडी दोनदा येऊन गेलेत. तुमचा डाव अपुरा आहे ना? मग महिनाअखेरीच्या आत संपवून टाका."

"चाल माझी नाही."

"समोरच्या खेळाडूंना बोलावून घ्या."

सरांनी अर्जातल्या तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. मॅडमनी तो परत वाचला. खालच्या दुकानात कुणीतरी पोतं टाकलं, त्याचा आवाज वर आला.

"सॉरी," त्या म्हणाल्या. मग कामाच्या आवाजात, "अशा वेळी वारसाला त्यांच्या वतीनं चाल करता येते. नमुना सात आहे. वारस कोण?"

"मीच."

"आणि समोर खेळतंय कोण?"

"मीच."

मॅडमनी नमुना सात परत खणात ठेवला. "हितसंबंध येतात," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच मी दुसरं कलम लिहिलंय," सर म्हणाले. "हात लावला की हलवायचा. हा नियम दुसऱ्या भागात ठेवलाय का?"

मॅडमनी जाड पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं उलटली. "ठेवलाय. शब्द न् शब्द. 'खेळाडूने ज्या मोहऱ्यास हात लावला असेल, तो त्यानेच हलविला पाहिजे.'"

"'त्यानेच'."

"'त्यानेच'," मॅडमनी पुन्हा वाचलं, आणि पेन्सिलीनं त्या शब्दाखाली बारीक रेघ ओढली. "म्हणजे त्यांच्याशिवाय तो दुसऱ्या कुणाला हलवता येणार नाही."

"कक्षालाही नाही."

"कक्षालाही नाही. पण घड्याळ? वेळ संपली असेल तर डावच संपतो."

"आम्ही घरी घड्याळ लावत नव्हतो."

"कधीच?"

"ती म्हणायची, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्या लागतात तेवढं पुरे."

मॅडमनी 'वेळेची मर्यादा' या रकान्यात 'नाही' असं लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "हात लावल्याचा पुरावा लागेल, सर. तुमचा शब्द पुरणार नाही. अण्णा मगदुमांनी काल लिहून दिलंय, की त्यांनी गावातल्या सगळ्या उंटांना हात लावलाय."

"पुरावा आहे," सर म्हणाले. "घरी यावं लागेल."

*

एकोणतीस तारखेला सकाळी आवटी मॅडम स्थळपाहणीला आल्या. सोबत टेप, भिंग आणि पंचनाम्याचे कागद होते. पंच म्हणून अण्णा मगदूम आले. आल्या आल्या त्यांनी टेबलाला लांबूनच नमस्कार केला.

मॅडमनी भिंगातून उंट पाहिला. जुना, दुधी लाकडाचा मोहरा. डोक्यावर चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक पिवळा डाग होता. एक मोठा, एक लहान.

"हळद?"

"हळद," सर म्हणाले. "अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट. आमटीचा दिवस होता."

"दुसऱ्या कुठल्या मोहऱ्यावर?"

"राजावर तिखटाचा आहे, पण तो जुना. दिवाळीचा."

अण्णा वाकून बघू लागले. "व्हय की ओ! वहिनींचाच हात. आमच्याकडं हळदीकुंकवाला यायच्या तर पाटाला पण असाच—" मग ते थांबले आणि खिशातला रुमाल शोधू लागले. रुमालाला पीठ होतं, त्यामुळे त्यांना शिंका आल्या आणि ते बाहेर गेले.

मॅडम पटाकडे बघत राहिल्या. त्या अधिकारी होत्या, पण त्याआधी चार वर्षं जिल्ह्याकडून खेळल्या होत्या. त्यांचं बोट हवेत तिरकं तीन घरं सरकलं आणि थांबलं.

"सर, हा उंट इथे आला तर तुम्हाला शह आहे."

"हो."

"आणि पुढच्या चालीला मात."

"हो."

"आणि उंट गेला तर तुम्ही जिंकता. सरळ सरळ."

"म्हणूनच अर्ज केला," सर म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "त्यांना दिसली होती ही चाल?"

"हात तिथेच गेला होता. येताना गुणगुणत होती. मात दिसली की ती गुणगुणायची. सव्वीस वर्षांत मला त्याच्यावरूनच कळायचं."

मॅडमनी 'गुणगुणणे' पुराव्यात धरता येईल का ते पुस्तकात पाहिलं. तशी तरतूद नव्हती. त्यांनी हळद धरली. पंचनाम्यात लिहिलं: 'मोहऱ्यास हात लागलेला आहे. चाल सुरू आहे. सबब मोहरा हलविण्याचा अधिकार खेळाडूव्यतिरिक्त कोणासही नाही.' सरांनी सही केली. अण्णांनी बाहेरून येऊन सही केली आणि कागदावर पिठाचा अंगठा उमटवला.

*

एक तारखेला सकाळी दहा वाजता गावातले उंट निघाले.

टेबलांवरून, कपाटांतून, शाळेच्या खेळसाहित्याच्या पेटीतून ते उतरले आणि तिरके चालू लागले. काळ्या घराचे उंट काळ्या फरशीवरूनच जात, पांढऱ्या घराचे पांढऱ्या फरशीवरून. बसस्थानकाजवळ नवा सिमेंटचा रस्ता लागला तेव्हा काळ्या घराच्या उंटांना पुढे जाता येईना. ते कडेला उभे राहिले. नगरपालिकेच्या माणसानं डांबराचे चौकोन ओतून दिले, मग ते गेले. लोक दारात उभे होते. अण्णांचे दोन्ही उंट गिरणीच्या उंबऱ्याशी अडकले, तेव्हा अण्णांनी स्वतः दाराचं एक फळकूट काढून त्यांना वाट करून दिली. "सांभाळून जावा," ते म्हणाले.

कुंभोजकर सरांच्या पटावर चार उंट होते. सरांचे दोन आणि शालनचा एक असे तीन उंट उतरले, खिडकीच्या गजांतून बाहेर पडले आणि पेरूच्या झाडाखालून गेले. चौथा जागचा हलला नाही. त्याला हात लागलेला होता.

दहा वाजून वीस मिनिटांनी सर शाळेत गेले. पहिला तास बुडाला होता.

पुढे सगळं नेहमीसारखं झालं. मंडळाचा बहिष्कार अकरा दिवस टिकला. आता अण्णा गिरणीत दुसऱ्या भागाचे वर्ग घेतात आणि सल्लागाराशिवाय आपण इतकी वर्षं कसे खेळलो कोण जाणे, असं म्हणतात. त्यांच्या सल्लागाराला फेटा आहे. तिसऱ्या भागात सल्लागार काढणार अशी अफवा मध्यंतरी उठली, तेव्हा त्यांनी पुन्हा मोर्चाची परवानगी मागितली. हवालदारांनी विचारलं, "हा कुठल्या रस्त्यानं?" अण्णा म्हणाले, "हा हलायचाच न्हाई साहेब. जागेवरच." परवानगी लगेच मिळाली.

सरांनाही पाकिटातून तीन सल्लागार आले. पटावर त्यांच्या जागा रिकाम्या आहेत, पण सरांनी त्यांना शोकेसमध्ये कपबश्यांजवळ ठेवलं आहे. तिथून ते पटाकडे बघतात. कुणी काही विचारत नाही, म्हणून त्यांना काही सांगता येत नाही.

दर तीन महिन्यांनी आवटी मॅडम प्रगती पाहायला येतात. सर चहा करतात. मॅडम भिंगातून हळद पाहतात, अजून आहे अशी नोंद करतात आणि अहवालाचा शेवटचा रकाना वाचून दाखवतात.

"पुढची चाल कुणाची?"

"शालनची," सर म्हणतात.

"झाली?"

"नाही, अजून नाही."