सर्वात थोर माणूस आणि गुरुजींची दाढ

"दुखलं तर हात वर करा," असं म्हणून दातांचे डॉक्टर इतिहासाच्या गुरुजींच्या तोंडात आरसा, नळी आणि निम्मा हात घालून मोकळे झाले.

संध्याकाळी वाचनालयात वादविवाद होता: जगाच्या इतिहासातला सर्वात थोर माणूस कोण? दरवर्षी तिथं मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, गुरुजींना चारीमुंड्या चीत करी, आणि वर त्यांच्याच घरी जेवायला येऊन त्याचं रसभरित वर्णनही करी. यंदा त्याची जिरवायचीच, असा गुरुजींनी चंग बांधला होता. लिपी शोधणारा थोर, असं त्यांचं भाषण महिनाभर घोटून तयार होतं. आणि नेमकी आजच मेली दाढ ठणकायला लागली!

"थोर माणूस? त्यात वाद कसला?" वाचनालयाच्या फलकावर विषय वाचून आलेले डॉक्टर म्हणाले. "दाढ बधिर करायचं औषध ज्यानं शोधलं, तोच!"

असलं अज्ञान निमूट ऐकून घेणं गुरुजींच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी हात वर केला.

"दुखतंय?" डॉक्टरांनी लगेच एक सुई टोचली.

"मला विचाराल तर साबण शोधणारा," नर्स म्हणाली.

साबण! गुरुजींनी दोन्ही हात वर केले.

"फारच नाजूक आहेत हो," म्हणत डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूलाही टोचलं. दाढ निघेपर्यंत चर्चा रंगली, गुरुजींचे हात वर होत राहिले आणि सुया आत जात राहिल्या. शेवटी जीभ तोंडात दुसऱ्या कुणाचं सामान ठेवल्यासारखी पडून राहिली.

संध्याकाळी गुरुजी व्यासपीठावर उभे राहिले. "अभ्भभ भाभाय," ते म्हणाले.

"वा भाऊजी! मुद्दा बिनतोड आहे!" खालून मेहुणा ओरडला. सभागृह खो खो हसलं. गुरुजींना रडू यायचंच बाकी होतं. मेहुण्याला चेव चढला. "ताई, तूच बोल त्यांच्याऐवजी. भाषण तुला पाठ असेलच!"

अध्यक्षांनी मान डोलावली. गुरुजींची बायको उठली.

"भाषण पाठ आहे," ती म्हणाली, "पण पटत नाही. हे म्हणतात लिपीवाला थोर, माझा भाऊ म्हणतो चाकवाला. पण त्या दोघांचं कुणीतरी आधी गप्प बसून ऐकून घेतलं असेल ना? नाहीतर कोण विचारतंय चाकाला? तो ऐकणारा सगळ्यात थोर. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, कारण मध्येच तोंड घालून त्यानं ते सांगितलं नाही. आमच्या दोन्ही घरांत असला माणूस अजून जन्मायचाय."

"अगं पण ताई, चाक..."

"बघा! घातलं तोंड!"

टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस बायकोला मिळालं. मेहुणा जेवायला न येता आपल्या घरी गेला, याचा आनंदसुद्धा गुरुजींना बोलून दाखवता येईना.

घरी परतताना वाटेत जीभ हळूहळू ताळ्यावर आली. दिवसभराचं साचलेलं गुरुजींनी एका दमात बाहेर काढलं.

"अगं, तुझ्या मुद्द्यात एक भली मोठी चूक आहे!"

बायको रस्त्यातच थांबली. वळून तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"कोणती? सांगा. ऐकतेय मी."

इतक्या वर्षांत असं थांबून त्यांना कुणीच म्हटलं नव्हतं. गुरुजींनी घसा खाकरला. पण पुढचं वाक्य काही केल्या सापडेना.

"म्हणजे... बरी बोललीस हो," ते म्हणाले.