किकुची-सानच्या ट्रकातलं स्नोमोबिल

बांधाबांधीच्या कामात माझा हात धरणारा माणूस जपानातल्या या अख्ख्या त्सुकुबात नाही, हे आधीच सांगून टाकतो! अकरा सालच्या भूकंपात आमच्या इन्स्टिट्यूटमधली कपाटं धडाधड आडवी झाली, पण माझं कपाट जागचं हललं नाही. का? तर मी ते स्वतः पट्टे लावून भिंतीला बांधलं होतं! तेव्हापासून आमच्या घरातला फ्रीज, टीव्ही, एवढंच काय देव्हारासुद्धा भिंतीला जखडलेला आहे. आल्यागेल्याला मी हे आवर्जून दाखवतो.

"रणजित भावजींचंही कपाट पडलं नव्हतं," आमची कुमुदिनी तेवढ्यात आतून सांगते. "आणि त्यांनी तर बांधलंही नव्हतं!"

आता हा रणजित कोण, ते सांगायला हवं. आमच्या मराठी मंडळातला माझा मित्र. राहतो उरायासुला, तोयोसुतल्या कुठल्याशा टॉवरमध्ये सॉफ्टवेअर लिहितो. गणपतीत उकडीचे मोदक स्वतः वळतो आणि त्याची एकही कळी फुटत नाही. बायको गाडीत बसायच्या आधी हीटर लावून ठेवतो. माणूस वाईट असता तर निदान नावं ठेवायची तरी सोय होती. पण तो चांगला आहे हो! तेच तर माझं दुखणं आहे.

तर गेल्या जानेवारीत आमचे शेजारी किकुची-सान दारात आले. सत्तरी उलटलेले, शेतात नेगी लावतात. नेगी म्हणजे हातभर लांब पातीचा कांदा. जुडी माझ्या हातात देत म्हणाले, "नीरुकान्तो-सान, आमच्या शेडमध्ये भावाचं बर्फावर चालवायचं जुनं स्नोमोबिल पडून आहे. मी रणजित-सानना विचारलंय, त्यांना हवंय का म्हणून."

पहिली गोष्ट, चार वर्षं शेजारी राहून यांना माझं नीलकंठ हे नाव नीट जमत नाही, आणि 'रणजित' कसं ठणठणीत! दुसरी गोष्ट, रणजितला ते भेटले कधी? तर आमच्याच घरी, दिवाळीच्या फराळाला, एकदा! शेजारी माझा, चकली माझी, आणि स्नोमोबिल रणजितला?

"अय्या! रणजित भावजी आणि स्नोमोबिल!" कुमुदिनीचे डोळे चमकले. "शोभेल हो त्यांना!"

त्या 'शोभेल'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मग काय म्हणाला रणजित?" मी विचारलं.

"विचार करून सांगतो म्हणाले."

"माझा विचार झालाय!" मी ओरडलोच. "मला हवंय! आजच्या आज!"

किकुची-सान इतके खाली वाकले की मला त्यांचं टक्कल दिसलं. वर आले तेव्हा डोळ्यांत चक्क पाणी होतं. मला वाटलं, केवढा हा माझ्याबद्दल जिव्हाळा!

"अहो, पण त्सुकुबात बर्फ कुठे पडतो?" ते गेल्यावर कुमुदिनीनं विचारलं.

"नासूला पडतो. फेब्रुवारीत मंडळाची सहल आहे ना तिकडे!"

खरं सांगू का? मला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. पुढे मी, मागे मला घट्ट धरून कुमुदिनी, आणि कडेला ढोपरभर बर्फात उभा राहून बघणारा रणजित. एकदा, फक्त एकदाच तिनं त्याच्यासमोर अभिमानानं 'आमचे हे' म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे काय फार मागणं झालं?

रविवारी शेडवर गेलो. स्नोमोबिलला चाकं नसतात, पुढे बर्फावर घसरायच्या दोन लांब पट्ट्या असतात, त्या स्कीज. त्यामुळे अंतर दोन गल्ल्यांचंच असलं तरी ते ट्रकातून न्यायला हवं. ट्रक किकुची-सानचाच होता. जपानी शेतकऱ्यांकडे असतो तो चिमुकला पांढरा, आपल्याकडचा टेम्पो ज्याच्यापुढे हत्ती वाटेल असा! शेजारी स्नोमोबिल, लांबलचक, पाय पसरून बसलेल्या जावयासारखं.

माझी मुलगी कश्मिरा आलटून पालटून दोन्हींकडे बघत म्हणाली, "बाबा, मुरी."

मुरी म्हणजे अशक्य. मुलगी माझी, पण निराशावाद आईकडचा!

"मी काय काम करतो?" मी तिला विचारलं. "मोजमाप! जे डोळ्यांना दिसत नाही ते मी मोजतो. हे तर चांगलं दिसतंय!"

मागची फळी उघडी टाकली, दोन घसरपट्ट्या लावल्या, ट्रकला असलेल्या विंचची दोरी स्नोमोबिलला अडकवली. किकुची-सान "सेऽनो!" म्हणत हँडल फिरवू लागले, मी "होऽहैय्या!" म्हणत मागून रेटू लागलो. स्नोमोबिल वर चढलं! पण बूड बाहेर फारच लोंबकळत होतं. अजून वीतभर पुढे जायला हवं होतं, आणि पुढे ड्रायव्हरच्या केबिनमागचा लोखंडी आडवा दांडा आला.

"स्कीज दांड्याखालून सरकवू," मी म्हटलं. "कुमुदिनी, वर चढ आणि स्कीजवर उभी राहा!"

"मी? कशाला?"

"वजन लागतंय!"

"सगळ्यांसमोर माझं वजन काढलंत?"

पण चढली बिचारी. स्कीज दबल्या, दांड्याखालून सुळकन पुढे गेल्या. कुमुदिनी खाली उतरली. स्कीजच्या स्प्रिंगा मोकळ्या झाल्या, स्कीज वर उसळल्या आणि 'खट्ट' असा आवाज आला.

"बघ!" मी म्हणालो. "कसं एकजीव झालं!"

वरून मी माझे खास पट्टे आवळले. आमची मिरवणूक निघाली. ट्रक मी चालवत होतो आणि मागून किकुची-सान रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाकून माफी मागत येत होते.

आमच्या पार्किंगमध्ये पोचलो, पट्टे सोडले आणि स्नोमोबिल मागे ओढलं. हललं नाही! सगळ्यांनी मिळून ओढलं. ट्रकच मागे आला! वाकून बघितलं तेव्हा प्रकार लक्षात आला. स्कीजची टोकं वर वळलेली असतात. ती दांड्याच्या पलीकडे जाऊन आकड्यासारखी अडकली होती.

"बोटात रुतलेल्या अंगठीसारखं झालंय," कुमुदिनी म्हणाली.

"मग पुन्हा स्कीजवर उभी राहा!"

"आता नाही हं! एकदा वजन काढलंत तेवढं पुरे!"

मी उभा राहिलो. माझ्या वजनानं स्की दबेना. संशोधनानं माणूस वाळतो!

मग मी डोकं चालवलं. स्नोमोबिलचं बूड पट्ट्यानं इमारतीच्या सायकल-स्टँडला बांधलं आणि ट्रक पुढे घेतला. माझी गाठ सुटली नाही, हे इथे नमूद करतो. स्टँड उपटला! पुढे ट्रक, ट्रकात स्नोमोबिल, मागे पट्टा, पट्ट्यामागे स्टँड आणि स्टँडला कुलपं लावून ठेवलेल्या शेजाऱ्यांच्या सायकली, अशी वरात खडखडत पार्किंगभर फिरली. कश्मिरा तिच्या सायकलमागे जपानीत किंचाळत धावत होती.

किकुची-सान म्हणाले, "दाइजोबु देस." म्हणजे, हरकत नाही. मग जरा थांबून हळूच म्हणाले, "उद्या सकाळी नेगी बाजारात न्यायची आहेत. याच ट्रकातून. पण दाइजोबु देस."

"मी रणजित भावजींना फोन केलाय," कुमुदिनी म्हणाली. "लगेच निघतो म्हणाले."

"कोणी सांगितलं होतं तुला?" मी किंचाळलो.

आता काहीही करून तो यायच्या आत हे निघायला हवं होतं! मी वर धावलो. न्हाणीघरात कुमुदिनीची खोबरेल तेलाची बाटली होती. वंगण! थंडीनं ते गोठलं होतं, म्हणून गरम केलं आणि कढत कढत दोन्ही स्कीजवर ओतलं. पण बाहेर फेब्रुवारी जवळ आलेला. तेल दांड्यावर पसरलं आणि बघता बघता तिथल्या तिथे थिजलं. पांढरं, घट्ट! आता स्कीज अडकल्या होत्याच, वर चिकटल्याही.

"माझं पुण्याहून आणलेलं तेल!" कुमुदिनीचा आवाज चढला.

"तेल गेलं तरी चालेल, अब्रू..."

तेवढ्यात रणजितची मोठी गाडी अलगद येऊन थांबली. तो उतरला. हातमोजे, हत्यारांची पेटी, आणि बायकोनं दिलेल्या थालीपिठांचा डबासुद्धा!

"वहिनी, छान वास येतोय. नारळाच्या करंज्या केल्यात का?"

मग त्यानं ट्रक बघितला, स्नोमोबिल बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात टाकला.

"नीलकंठ, तू घेतलंस होय हे? सुटलो रे बाबा! जपानात भंगार टाकायलाही पैसे पडतात, म्हणून गेल्या हिवाळ्यापासून किकुची-सान मला विचारताहेत. नाही कसं म्हणायचं? शेवटी 'विचार करून सांगतो' म्हटलं. इथे त्याचा अर्थ नाही असाच होतो, तुला माहीतच आहे."

माहीत आहे! बारा वर्षं काढली इथे. मी स्वतः माझ्या बॉसना असंच सांगून कराओके टाळतो. आपल्याकडचं 'बघू'सुद्धा तेच की! पण मत्सर झाला की माणसाला ना मराठी कळत, ना जपानी.

रणजितनं बाह्या सरसावल्या. ट्रकखाली आडवा झाला, दांड्याचे नट बघितले. ते गंजून दांड्याशीच एक झाले होते. मग जॅक लावून बघितला, स्कीज दाबून बघितल्या, फट मोजली. मी हाताची घडी घालून उभा होतो आणि मनातल्या मनात प्रत्येक नटाला हात जोडत होतो, की बाबा, हलू नकोस! शेवटी तो उठला, हात पुसले आणि हसून म्हणाला, "नाही बुवा. मला नाही जमत."

मंडळी, सांगतो, त्या क्षणी मला नासूचा सगळा बर्फ मिळाल्यासारखं वाटलं!

"किकुची-सान, उद्या नेगी मी पोचवतो," रणजित म्हणाला. "आज इथेच राहतो. गाडीला वास लागला तर लागू दे."

किकुची-सान त्याच्यापुढे वाकले. मग माझ्यापुढे आले आणि दोन्ही हातांनी ट्रकची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "ट्रकही म्हातारा झालाय. नवा घ्यायचाच होता. नीरुकान्तो-सान, दोन्ही तुम्हीच ठेवून घ्या."

नको म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत ते गल्लीच्या वळणावर पोचले होते. सत्तरीचा माणूस, पण काय पळाला!

रणजित कश्मिराची सायकल सरळ करायला खाली थांबला. कुमुदिनी आणि मी जिना चढू लागलो. ट्रक गळ्यात पडला होता, सायकल-स्टँड भरून द्यायचा होता, पण माझी छाती फुगली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिशेब बरोबरीत सुटला होता!

"बघितलंस ना?" मी म्हणालो. "रणजितलाही नाही जमलं!"

"हो ना," कुमुदिनी पायरीवर थांबली. खाली त्याच्याकडे बघत तिनं एक सुस्कारा सोडला. "पण काय शांतपणे नाही जमलं हो त्यांना! आरडाओरडा नाही की काही नाही. न जमावं तर असं!"