बाळराजियांच्या दाढा किडल्या त्याची हकीकत

श्रीएकदंत प्रसन्न. ज्याचा एक दात उणा असोन मान उणा नाही, त्यास वंदोन लिहिले ऐसे जे, राज्याभिषेकाचे अकरावे साल, चैत्र शुद्ध षष्ठी, बाळराजे वय वर्षे पाच, त्यांच्या चार दाढा किडोन काळ्या जाहल्या, आणि त्यांणी अन्न टाकिले, आणि महालात कोणास चैन पडेना. मग कारभारी बोलिले, "दाई बयजा चोरोन गूळ चारिते. हिजला हद्दपार करावे." पाच वर्षे उराशी वाढविलेले लेकरू तुटणार, याचे बयजेस दुःख थोर जाहले. परंतु धीर करोन म्हणाली, "माझी लेक चिमी त्यांच्याच पंगतीला जेवते, जे त्यांना तेच तिला. तिचे दात बघा की." पाहता चिमीचे दात शाबूत. मग राजवैद्य नागेशभट यांणी दोघांची लाळ दोन वाट्यांत घेवोन तपासिली आणि निवेदिले की, लाळेत प्रथिने म्हणोन शिपाई असतात, कोणी दातांची डागडुजी करितात, कोणी किडीचे जंतू मारितात, त्यांतील जंतू मारणारे शिपाई बाळराजियांचे लाळेत चिमीहून दुप्पट आहेत. कारभारी हर्षले, "बंदोबस्त दुप्पट, तरी गड पडला, म्हणजे फितुरी दाईचीच." वैद्य हसोन बोलिले, "आग लागली म्हणजे लोक धावतात, कारभारी. गर्दीने आग लाविली ऐसे होत नाही. जंतू फार शिरले, म्हणोन शिपाई वाढले. ते शिरले कोठून, हे पाहावे."

बयजेस ठाऊक होते, आणि बोलण्याचे भय वाटत होते. थोरले बाळराजे विषाने गेले, तेव्हापासोन महाराज धाकट्याचा प्रत्येक घास आधी आपण चाखीत आणि त्याच चमच्याने भरवीत. अखेर हात जोडोन म्हणाली, "महाराज, अपराध पोटात घाला. चिमीचा चमचा निराळा असतो." वैद्यांस उमज पडला. अदबीने म्हणाले, "महाराजांनी आ करावा." महाराजांनी आ केला, आणि आत एक दाढ धड नव्हती. मग महाराज डोळे पुसोन बोलिले, "आम्हीच की रे घात केला." वैद्य म्हणाले, "माया केलीत महाराज, तीबरोबर जंतू गेले."

एवंच, बापलेकांच्या किडक्या दाढा काढिल्या, दाई राहिली, आणि महाराजांनी न चाखता पहिला घास भरविला, आणि लेकरू तो गिळेतो त्याच्या मुखावरून नजर काढिली नाही.