बुरशीला 'हुजूर' म्हणणारे डॉक्टर

आमचे डॉक्टर साळेगावकर बुरशीला 'हुजूर' म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत लोणचं वाढलं की खिशातून भिंग काढून आधी फोड तपासायची. "हुजुरांचा मुक्काम कुठं असेल, नेम नाही." यजमान शरमायचे, वऱ्हाडी हसायचे. परभणीच्या दवाखान्यात मी त्यांच्या वॉर्डाची सिस्टर. मलाही हसू आवरायचं नाही.

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. चुडाव्याच्या शाळेतल्या शिक्षिका कमलताई आमच्याकडे दाखल झाल्या. रक्ताचा कॅन्सर. मुंबईच्या जालीम औषधांनी अंगात झुंजायची ताकदच उरली नव्हती. हातावर सलाईनची चिकटपट्टी होती तिथं काळा डाग उठला आणि बघता बघता वाटीएवढा पसरला. गळू असेल, मलम लावा, असं बाकीचे म्हणाले. साळेगावकरांनी कातडीचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ डोळा काढला नाही.

"सिस्टर, हे लोणच्यातले हुजूर नव्हेत. हे रक्तात उतरायला निघालेत."

मेलेलं कातडं कापून काढलं. औषध मुंबईहून रेल्वेनं बर्फात आलं. उजेडानं बिघडतं म्हणून बाटलीला काळं फडकं गुंडाळायचं. थेंब सुरू झाले की ताईंना अशी हुडहुडी भरायची की खाट खडखडायची. डॉक्टर त्यांच्या पायांवर घोंगडी दाबून बसायचे आणि जखमेला म्हणायचे, "हुजूर, उठा आता. बाईंची शाळा भरली."

ताई दात वाजत असताना म्हणायच्या, "न्हाई उठायलेत, सर. लय चिवट हायेत."

रोज पट्टी सोडताना माझा जीव मुठीत असे. मग एका सकाळी काळी कड थांबलेली दिसली. पुढं आतून गुलाबी मांस भरत आलं, रक्तही जरा सावरलं. काही वर्षांनी कॅन्सरनं ताईंना नेलंच. पण तोवर त्याच हातानं त्या फळ्यावर लिहीत होत्या.

ताईंना घरी सोडायच्या दिवशी मात्र डॉक्टर अडून बसले. "राहू द्या अजून दोन दिवस."

"सर, जखम तर भरली."

"भरली." ते खिडकीबाहेर बघत होते. "सकाळी आलो की त्या विचारतात, सर, जेवलाव का म्हणून. घरी विचारायला कुणी नाही, सिस्टर."

मग ताईंची पिशवी त्यांनीच उचलली आणि त्यांना गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेले.