हिमवनातलं कायमचं बीळ

एका जंगलात, बाळांनो, एक मुंगूस राहत होतं. जंगलाचं नाव विचारू नका. नाव घेतलं की तिथल्या कुणाचा तरी मामा भांडायला येतो.

मुंगसाचं नाव नंदन मुंगसे. त्याचे वडील दगडूअण्णा साप मारण्यात जंगलात एक नंबर. शेपटी अर्धी, एक कान गायब. पण समोर नाग आला की अण्णा पंगतीला बसल्यासारखे खूश.

असा बाप घरात असताना नंदन सापांचं शिकायला कुठे गेला? हिमवनात. कितीतरी डोंगर आणि एक अख्खा समुद्र ओलांडून.

आणि हिमवनात साप किती? एकही नाही. तिथली थंडी अशी, की साप आलाच तर काठी होऊन पडेल. हे आमच्या डबक्यातल्या बेडकालाही माहीत होतं. पण बेडूक शिकलेला नव्हता, म्हणून त्याला कुणी विचारलं नाही.

हसू नका. नंदन काही खुळा नव्हता. हिमवनाचा नियमच मोठा गोड होता. तिथल्या विद्यापीठात शिका. पास झालात की एक हिवाळा रहा. त्या हिवाळ्यात शिकलेल्या विषयातलंच काम मिळवा. मिळालं, की तिथे तुम्हाला कायमचं बीळ. मग मरेपर्यंत कुणी ऊठ म्हणणार नाही.

नंदनला साप नको होते. बीळ हवं होतं. आणि 'सर्पव्यवस्थापन' या विषयाला प्रवेश झटकन मिळत होता. का मिळतो, हे त्याने विचारलं नाही. तुमच्या शेजारच्या दादानेही विचारलं नव्हतं.

विषय शिकवायला एक म्हातारे सीलमास्तर होते. त्यांनी जन्मात साप पाहिला नव्हता. ते फळ्याला दोरी टांगायचे आणि म्हणायचे, "हा साप आहे असं समजा." नंदनने समजून घेतलं आणि तो पहिल्या वर्गात पास झाला.

एक परीट पक्षी इकडून तिकडे उडायचा आणि दोन्हीकडच्या चुगल्या पोचवायचा. त्याने ही बातमी घरी नेली. दगडूअण्णांनी झाडोझाड सांगितलं, "पोरगं आता तिकडचंच झालं." आणि त्याच आनंदात नंदनचं बीळ एका साळिंदराला देऊन टाकलं. आता साळिंदराला बिळाबाहेर काढून दाखवा कुणी.

म्हणजे मागचं दार बंद. आणि पुढे हिवाळा निम्मा सरला, तरी कामाचा पत्ता नाही.

पोटासाठी नंदन हंसीणबाईंच्या दारातला बर्फ शेपटीने झाडायचा. हंसीणबाई म्हणजे हिमवनातली बडी असामी. तळ्याकाठी मोठं घर, घरात अंडीच अंडी. बाई दयाळू होत्या. रोज आपुलकीने विचारायच्या, "तुझं नाव काय म्हणालास?"

शेवटी तो वस्तीखात्यात गेला. कोण राहणार आणि कोण जाणार, हे ठरवणारं ते ऑफिस. तिथे पांढऱ्या अस्वलबाई बसायच्या. बाईंचं बोलणं असं मऊ, की नकार मिळालाय हे माणसाला, चुकलो, जनावराला घरी गेल्यावर कळायचं.

"काय काम करता आपण?" बाईंनी विचारलं.

"बर्फ झाडतो."

"छान. पण शिकलात सापांचं. कुठे साप हाकललेत का?"

"बाई, इथे साप नाहीत."

"मग आम्हाला सर्पतज्ज्ञ कशाला हवा?"

"मग मला शिकवलंत कशाला?"

"शिकवणं दुसऱ्या खात्याकडे आहे," अस्वलबाई प्रेमाने म्हणाल्या. "विद्यार्थी आम्हाला फार आवडतात. अडचण इतकीच, की शिकून झाल्यावर ते विद्यार्थी राहत नाहीत. तळ्याचा बर्फ वितळेपर्यंत आपण जरूर रहा."

नंदन बाहेर येऊन बाकावर बसला. बाकावर एक लोकरीचा पायमोजा पडला होता. पायमोज्यातून फणा निघाला.

तो अनंता नागरे. नंदनच्याच जंगलातला. नागरे आणि मुंगसे यांचं हाडवैर. नंदनच्या आजोबांनी अनंताच्या आजोबांना खाल्लं होतं, आणि खाता खाता स्वतःही गेले होते.

नंदनचे केस उभे राहिले. अनंताने फूत्कार टाकला. मग दोघांच्या एकदमच ध्यानात आलं, की या सबंध हिमवनात आपल्या भाषेत आपल्याला शिवी देणारा हा एवढाच.

"कुठला रे तू?" नंदनने विचारलं.

"करवंदीच्या उतारावरचा. आणि तू त्या कानतुट्याचा ना?"

"अण्णा म्हण. वडील आहेत माझे."

"तुमच्या घरात माझा आजा खाल्लाय."

"आता त्याला काय करू? तू काय शिकलास ते सांग."

"मुंगूस-बचाव."

नंदनला हसू फुटलं. "अरे, पण इथे मुंगूस कुठे आहे?"

"तेच त्या बाई म्हणाल्या. बर्फ वितळेपर्यंत रहा म्हणाल्या."

मग दोघं हळूहळू एकमेकांकडे बघायला लागले. स्थळ बघायला आल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी हंसीणबाईंच्या कोठीत साप निघाला. सगळं तळं ओरडायला लागलं. नंदन छाती काढून आत गेला. आत दोघांनी मडकी आपटली, डबे लोळवले, थोडी सुकी मासळी खाल्ली. नंदन केस विस्कटून बाहेर आला.

"हाकलला," तो म्हणाला. "पण परत येईल. साप एकदा घर बघून गेला की येतोच."

बाईंनी त्याला जागच्या जागी सर्पतज्ज्ञ नेमलं.

काही दिवसांनी एक अंडं गेलं. त्याच संध्याकाळी दारात अनंता उभा. पायमोजा स्वच्छ धुतलेला, मान अदबीने खाली.

"बाई, तुम्ही घरात मुंगूस ठेवलंय म्हणे. मुंगसं अंडी खातात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

बाईंची चोच उघडी ती उघडीच. कोठीतला साप तो हाच, हे त्यांना ओळखू आलं नाही. त्यांना सगळे साप सारखेच दिसायचे, आणि विचारणं असभ्य वाटायचं. त्यांनी अनंताला अंड्यांच्या राखणीवर ठेवलं.

आता मुंगूस काढावं, तर सापाची भीती. साप काढावा, तर मुंगसाची भीती. दोघांचीही नावं बाईंना तोंडपाठ झाली.

पण अस्वलबाई मऊ होत्या, मूर्ख नव्हत्या. एके दिवशी त्या स्वतः तळ्यावर आल्या.

"एकाच घरात दोघे, आणि दोघेही एकाच जंगलातले. मला शंका येते," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी इथेच झुंज दाखवा. खोटी दिसली, तर दोघांनाही उद्याच निरोप."

सकाळी सगळं हिमवन काठावर जमलं. नंदन आणि अनंता गोठलेल्या तळ्यावर उतरले. खरी झुंज दोघांपैकी कुणालाच येत नव्हती. नंदन दोरीवर शिकला होता. अनंता एका केसाळ हातमोज्यावर.

आधी दोघं "तू ये, तू ये" करत गोल फिरले. काठावर कुजबुज सुरू झाली. अनंताने घाबरून फणा मारला, तो जरा जास्तच जवळून गेला. आणि नंदनच्या अंगात काहीतरी जागं झालं. तो उडाला. सीलमास्तरांनी कधी न शिकवलेली उडी होती ती. खाली आला तेव्हा अनंताची मान त्याच्या दातांत होती.

नंदनच्या तोंडात चव आली. आयुष्यात पहिल्यांदा, तरी ओळखीची. आता एकदा जबडा मिटायचा. अण्णांचा खरा मुलगा. हिमवनातला पहिला सर्पहंता.

"नंद्या," अनंता घुसमटत म्हणाला, "चाव. खुशाल चाव. पण चावून झाल्यावर करशील काय? साप संपल्यावर तुझं काम काय?"

नंदनचा जबडा मिटायचा राहिला. अण्णांनी जन्मभर साप संपवले. त्यांना काय मिळालं? अर्धी शेपटी. आणि तीही, बाळांनो, त्यांची स्वतःचीच होती.

त्याने मान सोडली. अनंतानेही रीत म्हणून त्याच्या तंगडीला तोंड टेकवलं आणि काढून घेतलं. मग दोघं बर्फावर आडवे पडून धापा टाकू लागले. त्या मात्र खऱ्या होत्या.

अस्वलबाईंनी दोघांभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "मुंगूस जिंकलं असतं, तर साप संपला असता, आणि मुंगसाची गरज उरली नसती. साप जिंकला असता, तर सापाची उरली नसती. इथे कुणीच जिंकलं नाही. म्हणजे हिमवनातला प्रश्न कायम आहे. प्रश्न कायम, म्हणून आपण दोघेही कायम. अभिनंदन."

दोघांना शेजारशेजारची बिळं मिळाली. फार थंडी पडली की अनंता नंदनच्या केसांत शिरून झोपायचा. परीट पक्ष्याने अण्णांना सांगितलं, पोराने सापाला लोळवलं. नागऱ्यांना सांगितलं, पोराने मुंगसाला लोळवलं. दोन्ही घरांनी जंगलाला जेवण घातलं. परीट दोन्हीकडे जेवला.

पुढच्या हिवाळ्याआधी हिमवनात मुंगसांची नवी तुकडी उतरली. सगळी 'सर्पव्यवस्थापना'ला. त्यातली एक चुणचुणीत मुंगशी नंदनच्या पाया पडली आणि म्हणाली, "दादा, वर्गात सांगत नाहीत, पण इथे साप आहेत ना?"

नंदनने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आहे एक," तो म्हणाला. "पण तो माझा आहे. तुम्ही येताना आपापला आणायचा असतो."

तात्पर्य: परदेशी शिकायला जाताना लोणच्याची बरणी राहिली तरी चालेल, घरचा वैरी मात्र आठवणीने सोबत न्यावा. आणि तिथे गेल्यावर त्याला पुरतं कधीच मारू नये. काम संपवणाऱ्याला निरोप मिळतो. काम संपू न देणाऱ्याला बीळ मिळतं, तेही कायमचं.