दत्तोपंतांचा येन

पंचवटीतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी तारेचा एक लाकडी खांब होता. दत्तोपंत भालेराव रोज सकाळी अंघोळ उरकून, ओल्या पंच्यानेच, त्या खांबाला कान लावून उभे राहत. डोळे मिटलेले, एक बोट वर. बायका घागरी घेऊन शेजारून जात, गाय पाठीला अंग घासून जाई, दत्तोपंत हलत नसत. कुणी हटकलंच, तर वरचं बोट ओठांवर यायचं. "श्श! चालू आहे!"

मग तरातरा घरी येऊन ते दाराच्या फळीवर खडूनं लिहायचे: शंभर येनला इतके रुपये, इतके आणे.

येन हे जपानचं चलन. आमच्या बोळातल्या कुणी जपान सोडा, मुंबईसुद्धा धड पाहिलेली नव्हती. पण अकराच्या सुमाराला मुंबईचं वर्तमानपत्र आलं, की आतल्या पानावर बारीक अक्षरात तोच भाव असायचा. आण्याचासुद्धा फरक नाही.

दत्तोपंत निवृत्त तारमास्तर. घरी एकटेच. बोलताना प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात असं समजून बोलायचे. "कसं काय दत्तोपंत?" म्हटलं, की "प्रकृती ठीक. भाजी महाग. पिठलं केलं." संपलं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. "लाकडातून तार ऐकू येत नाही हो," असं मी त्यांना परोपरीनं समजावलं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "गुरुजी, तारेला थापा येत नाहीत."

त्या आकड्याची खरी वाट पाहायचे ते कासमभाई. त्यांचं कोपऱ्यावर लुगड्यांचं दुकान, आणि मालेगावला भावाचे चार हातमाग. जपाननं येनची सोन्याशी बांधलेली गाठ सोडल्यापासून त्याचा भाव घसरत होता. पूर्वी शंभर येनला एकशे पस्तीस रुपये पडायचे, ते शंभरावर आले, मग त्याच्याही खाली. येन स्वस्त झाला, की जपानी कापड स्वस्त. ते बाजारात आलं, की मालेगावच्या लुगड्याकडे कोण बघतो?

"दत्तोपंत, आज काय म्हणतंय तुमचं लाकूड?" कासमभाई पहिल्यांदा हसत विचारायचे. पुढे पुढे नुसतेच येऊन फळीसमोर उभे राहायचे. दिवाळीच्या सुमारास त्यांचा सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायला लागला.

अशात एके दिवशी तारखात्याचा माणूस शिडी घेऊन आला. मी सहज विचारलं, "तार बिघडली का?"

"तार? ह्या खांबावर तार हाय कुठं, गुरुजी?" तो म्हणाला. "लाइन मागच्या सालच्या उन्हाळ्यातच तिकडं मोठ्या रस्त्यानं नेली. हे नुसतं लाकूड ऱ्हायलंय. वरच्या वाट्या काढायला आलोय."

मी वर पाहिलं. चिनी मातीच्या चार पांढऱ्या वाट्या, आणि त्यांच्यामध्ये नुसतं आभाळ. दीड वर्ष मी त्याखालून जात-येत होतो.

मी तसाच दत्तोपंतांकडे गेलो.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. मग त्यांनी पहिल्यांदाच शब्द न मोजता सांगितलं. मुंबईच्या तार कचेरीत वर्तक म्हणून एक जण होता. रोज सकाळी बाजारभाव तोच पाठवायचा. बारा वर्षं दत्तोपंतांनी ते उतरवून घेतले. दोघांची भेट कधीच झाली नाही. पण आम्हाला अक्षर ओळखू येतं तसा तारमास्तरांना ठोक्यांवरून पाठवणाऱ्याचा हात ओळखू येतो. वर्तक शेवटचा ठोका किंचित लांबवायचा. मानमोडीच्या तापाच्या साथीत तो गेला.

"हात त्याचाच आहे, गुरुजी."

"दुसरं काही बोलतो का?"

"नाही. फक्त भाव. तेव्हाही तेवढंच बोलायचा." मग हळूच म्हणाले, "पण रोज बोलतो."

त्यानंतर मी त्यांच्याशी वाद घातला नाही. सकाळी त्या खांबाजवळून जाताना मात्र पलीकडच्या बाजूनं जायला लागलो.

आणि एका सोमवारी फळीवर आकडा चढलेला दिसला. पंच्याऐंशीचे एकदम नव्वद! कासमभाईंनी तो दोनदा वाचला, डोळे पुसले आणि तडक घरी गेले.

अकराला वर्तमानपत्र आलं. चौऱ्याऐंशी.

विज्ञान जिंकलं म्हणून मी उड्या मारायला हव्या होत्या. पण मी घाबरतच त्यांच्या दारात गेलो. "दत्तोपंत, आज ऐकण्यात चूक झाली?"

"चूक नाही. चौऱ्याऐंशीच ऐकलं." ते भिंतीकडे पाहत होते. "काल कासमभाईंचं कुटुंब आलं होतं. म्हणाली, भाईजी, तुम्ही आकडा लिहिता आणि हे ताटावरून उठतात. चार दिवस पोटात अन्न नाही. म्हटलं, एक दिवस जेवू दे."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत खांबापाशी तासभर उभे होते. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बोटानं खांबावर काहीतरी ठोकून पाहिलं, पुन्हा कान लावला. फळी कोरीच राहिली.

"रागावला," ते मला म्हणाले. "त्याचा निरोप मी बदलला. तारमास्तरानं असं करायचं नसतं." चौदा वर्षांपूर्वी गेलेल्या त्या माणसाचं सुतक त्यांच्या तोंडावर आत्ता उतरलं होतं.

तेवढ्यात कासमभाई आले. हातात झाकलेला डबा. मला वाटलं, आता जाब विचारणार. वर्तमानपत्र त्यांनीही पाहिलंच असणार.

"त्या सोमवारी अकराला कळलं मला," ते पायरीवर बसत म्हणाले. "पण तोवर जेवण झालं होतं, दत्तोपंत. पोटभर." डबा त्यांनी पुढे सरकवला. "गुळाच्या साटोऱ्या आहेत, थोरल्या मुलीनं केलेल्या. तुम्हाला चालत असेल तर."

दत्तोपंतांनी डब्याकडे पाहिलं, कोऱ्या फळीकडे पाहिलं. मग पंचा सावरून ते पायरीवर कासमभाईंच्या शेजारी बसले आणि एक साटोरी मोडून त्यांनी विचारलं, "थोरल्या मुलीचं नाव काय हो तुमच्या?"