मागल्या गल्लीचं फिरतं कपाट

घराची योग्यता त्या घरातल्या डब्यांवरून ठरते, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. शिजवलेलं अन्न तासाभरात पोटात जातं आणि मागे पुरावा राहत नाही. डबा मात्र फळीवर उभा राहून आल्यागेल्याला साक्ष देतो.

पारोळ्याच्या मागल्या गल्लीने हे तत्त्व १९८६ साली स्वीकारलं. त्या वेळी गल्लीत घरं अठरा होती, लग्नाची मुलं सात होती आणि भरलेलं म्हणावं असं कपाट एकही नव्हतं. मग अठरा घरांनी मिळून एक भरलं. कपाट सागवानी, काचेच्या दारांचं (एक काच तडकलेली, तिच्यावर देवाचं कॅलेंडर). आत भिकुबाईचे तूरडाळीचे दोन डबे, सुनंदाबाईची उडीदडाळ, कुणाचे पोहे, कुणाचे शेंगदाणे, वरच्या फळीवर बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) चळत आणि हसीनाबीची मसाल्याची बरणी. ज्या घरी सोयरे घर पाहायला येणार, तिथे कपाट आदल्या दिवशी चौघांच्या खांद्यावरून जाई.

कारभार जीवराम आबांकडे होता. तीस वर्षं पोस्टात पत्रं वाटल्यामुळे त्यांना नियम करता येत. स्टीलच्या डब्यावर नाव कोरलेली बाजू भिंतीकडे ठेवावी. कपाटातलं काही शिजवू नये. पाहुण्यांनी कौतुक केल्यास ‘हे तर रोजचंच’ असं दोनदा म्हणावं (तिसऱ्यांदा म्हटल्यास संशय येतो). आणि प्रत्येक डब्यात वरची चार बोटं माल खरा असावा, त्याखाली वर्तमानपत्राचा कागद आणि कागदाखाली सरकी. सरकी निवडण्याचं कारण असं, की कापसाच्या जिनिंगमधून ती गल्लीतलाच झुलाल आणत असे. दोन वर्षांत कपाटाने सहा लग्नांत भाग घेतला आणि पाच जमवली. सहावं मोडलं, पण त्यात कपाटाचा दोष नव्हता. मुलगा मध्येच बोलला होता.

सातवा मुलगा म्हणजे झुलालच. वय एकोणतीस (पत्रिकेत पंचवीस). त्याची आई धुरपदाबाई आजवर सगळ्यांच्या मागे राहिली, कारण कपाट मागायची तिला लाज वाटे. तिच्या स्वतःच्या फळीवर तीन डबे होते. एक ज्वारीच्या पिठाचा, एक मिठाचा, आणि तिसऱ्याला नुसतंच झाकण होतं. ती फळी पाहून तीन स्थळं परत गेली होती. चौथंही गेलं तर आपण सुरतला निघून जाऊ, असं झुलालने सांगून ठेवलं होतं. मग घरात धुरपदाबाई आणि म्हैस उरली असती. ती म्हशीशी बोले, पण अजून तरी मुलाच्या गोष्टी सांगायला.

चौथं स्थळ जळगावचं होतं; या वेळी धुरपदाबाईने लाज गिळून कपाट मागितलं. मुलीची आई तानुबाई. आबांच्या कपाट समितीने गोत्र विचारलं, सोनं विचारलं, मुलीची उंची विचारली. मुलीची आई काय काम करते, हे विचारलं नाही (तसा रकाना नव्हता). तानुबाई बावीस वर्षं डाळ मिलमध्ये डाळ निवडत होती. पोत्याच्या तोंडाशी माल नेहमीच चांगला असतो, हे तिथे पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून मिलमधली बाई डाळ बघत नाही. ती पोत्यात हात घालते, कोपरापर्यंत.

तानुबाई घर पाहायला आली, तेव्हा धुरपदाबाईने ‘हे तर रोजचंच’ दोनदा म्हटलं. तानुबाईने मान डोलावली, कपाट उघडलं, तूरडाळीच्या डब्याचं झाकण काढलं, बांगड्या वर सारल्या आणि हात आत घातला. कागद फाटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. जीवराम आबांना खोकला आला. धुरपदाबाई दारातून म्हशीकडे बघत राहिली.

तानुबाईने मूठ बाहेर काढली, उघडली, सरकी नाकाशी नेली.

“अक्का, सरकी ओली शे. किडा लागी जाई,” ती म्हणाली. “आमनाकडे चुणी टाकतंस. कोरडी राहस.”

(चुणी म्हणजे डाळ भरडताना उरणारा चुरा. तो मिलमध्ये फुकट मिळे.)

धुरपदाबाईने म्हशीवरची नजर काढून डब्याला झाकण लावलं. मग तिने विचारलं, “मंग पोर?”

“पोर देसू ना. आजलोंग तीन घरे देखात. कोणी डबा उघडू दिधा नही.”

लग्न वैशाखात झालं. रुखवतात एकवीस डबे आले. नावं कोरलेल्या बाजू मांडवाच्या कापडाकडे वळवलेल्या होत्या. धुरपदाबाईने पाहुण्यांसमोर बांगड्या वर सारल्या आणि पहिल्याच डब्यात कोपरापर्यंत हात घातला. चुणी शब्दाप्रमाणे कोरडी होती.

पुढे सरकी आणि चुणी एकत्र करून गव्हाणीत ओतण्यात आली. अशा रीतीने दोन्ही घरांच्या प्रयत्नांतून म्हशीचं वर्षाचं भरणं पूर्ण झालं आणि दूध सव्वा लिटरने वाढलं. योजनेचा आजवरचा हा एकमेव मोजता येणारा लाभ. झुलाल सुरतला गेला नाही. नव्या सुनेने पहिल्या दिवशी सासूच्या त्या एका डब्यातल्या पिठाच्या भाकरी केल्या, नियम मोडून कपाटातल्या वरच्या चार बोटं तूरडाळीचं वरण, त्यात हसीनाबीचा मसाला. बरणी तळापर्यंत खरी निघाली. हसीनाबीला नियम सांगायचा राहून गेला होता.

वाचकांनी हसण्याची घाई करू नये. गेल्या महिन्यात आपण एका घरी गेला होतात. फळीवरचे डबे बघून आपण म्हणालात, ‘घर कसं भरलेलं आहे.’ हात कोपरापर्यंत घातलात का? नाही घातलात. शहाणपणाच केलात. येत्या रविवारी ते आपल्याकडे येणार आहेत.